हार्ड लिंक की सॉफ्ट लिंक? नाव बदललेले फोल्डर आणि रोजचा बॅकअप

मांजराकाठ

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचा मंडळनिहाय पाऊस, विहिरींच्या पाणीपातळीचे तक्ते आणि शेततळ्यांचे ड्रोन फोटो एका लिनक्स मशीनवर आहेत. सगळं मिळून १८० जीबी. कमांड उच्चारतात तशा देवनागरीत लिहितोय, उत्तरंही तशीच द्या.

पहिली अडचण: २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, तशी फोल्डरांचीही बदलली. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती_संभाजीनगर. जुन्या स्क्रिप्ट जुनाच पाथ शोधतात आणि बंद पडतात. एलएन या लिंक करायच्या कमांडनं जुनं नाव जोडायला गेलो तर 'हार्ड लिंक नॉट अलाउड फॉर डिरेक्टरी' असा एरर येतो.

दुसरी: रोज बाहेरच्या २ टीबीच्या डिस्कवर पूर्ण प्रत घेतो. दहा दिवसांत डिस्क भरते. खरं तर रोज फार तर १ जीबी नवीन येतं. हार्ड लिंकनं जागा वाचते म्हणतात. ती कशी वाचते, आणि या दोन लिंकांत फरक काय?

उदगीरकर

आधी फरक समजून घ्या, मग दोन्ही अडचणी आपोआप सुटतील.

फाइलचं नाव फाइलमध्ये नसतं. फाइलची खरी नोंद म्हणजे आयनोड. मालक कोण, परमिशन काय, आकार किती, वेळा कोणत्या, डेटा डिस्कवर कुठं पडलाय, हे सगळं त्यात. नाव असतं डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरात, 'या नावाला हा आयनोड नंबर' एवढ्या एका ओळीत.

आपल्याकडं एकाच वावराला घरचे 'आंब्याचं रान' म्हणतात आणि शेजारचे 'विहिरीचं वावर'. नावं दोन, गट नंबर एक. हार्ड लिंक तशीच. दोन्ही नावं सारख्याच हक्काची असतात, त्यात मूळ कोणतं आणि लिंक कोणती असा भेदच नसतो. एक नाव पुसलं तर वावर कुठं जात नाही. आयनोडमध्ये लिंक काउंट असतो, तो एकानं कमी होतो. काउंट शून्य झाला आणि ती फाइल कुठल्या चालू प्रोग्रामनं उघडून ठेवलेली नसली, तरच जागा मोकळी होते.

सॉफ्ट लिंक म्हणजे चिठ्ठी. तिला स्वतःचा वेगळा आयनोड असतो आणि आत फक्त पाथ लिहिलेला असतो. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर आज काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. तिथली फाइल हलवली तर चिठ्ठी तशीच राहते, पण जागेवर कुणी सापडत नाही. उलट त्याच नावानं तिथं नवी फाइल आणून ठेवली, तर तीच चिठ्ठी मुकाट नवी फाइल दाखवते.

गट नंबर गावापुरता असतो. ११२ नंबरचा गट शेजारच्या गावातही असतो. आयनोड नंबरही त्या एका फाइल सिस्टीमपुरताच (फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), म्हणून हार्ड लिंक दुसऱ्या पार्टिशनवर जात नाही, 'इनव्हॅलिड क्रॉस-डिव्हाइस लिंक' येतं. चिठ्ठीवर मात्र कुठल्याही गावाचा पत्ता लिहिता येतो.

बघायचं असेल तर एलएस -एलआय चालवा. पहिला रकाना आयनोड नंबर, परमिशननंतरचा आकडा लिंक काउंट. दोन नावांचा पहिला रकाना सारखा आला की ती हार्ड लिंक. सॉफ्ट लिंकचा परमिशनचा रकाना 'एल' अक्षरानं सुरू होतो आणि नावापुढं बाण असतो.

गोदातीर

मांजराकाठ दादा, फोल्डरला हार्ड लिंक का देत नाहीत तेही सांगते. प्रत्येक फोल्डरात दोन ठिपक्यांची नोंद असते, ती वरच्या फोल्डरकडं बोट दाखवते. फोल्डरला दोन ठिकाणांहून नावं दिली तर वरचा फोल्डर कोणता म्हणायचा? शिवाय एखाद्या फोल्डरच्या पोटात त्याचाच हार्ड लिंक टाकला, की फाइंड (फाइली शोधणारी कमांड) आणि डीयू (जागा मोजणारी) त्यात फिरतच राहतील. म्हणून लिनक्स रूटलाही, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरलाही, हे करू देत नाही. ॲपलनं टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीसाठी एचएफएस प्लस या जुन्या फाइल सिस्टीमवर फोल्डरांच्या हार्ड लिंक चालू दिल्या होत्या, पण नंतरच्या एपीएफएसमध्ये ती सोय ठेवलेली नाही.

तुमच्या पहिल्या अडचणीला सॉफ्ट लिंकच हवी:

सीडी /डेटा/पाऊस
एलएन -एस धाराशिव उस्मानाबाद
एलएन -एस छत्रपती_संभाजीनगर औरंगाबाद

क्रम लक्षात ठेवा. आधी ज्याच्याकडं जायचं ते, मग नवीन लिंकचं नाव. प्रत करणाऱ्या सीपी चा क्रमही हाच, आधी असलेलं आणि मग होणारं.

इथं पाथ मुद्दाम छोटा दिलाय. सॉफ्ट लिंकमधला अपूर्ण पाथ लिंक ज्या फोल्डरात आहे तिथून मोजला जातो, तुम्ही टर्मिनलमध्ये कुठं उभे आहात तिथून नाही. सगळ्यात जास्त लिंका तुटतात त्या इथंच. घरच्या फोल्डरात उभं राहून 'एलएन -एस पाऊस/धाराशिव /डेटा/जुनं/उस्मानाबाद' असं लिहिलं, की लिंक बनते, एरर येत नाही, पण ती शोधते /डेटा/जुनं/पाऊस/धाराशिव. असा फोल्डर नसतोच. शंका असेल तर एलएन -एसआर वापरा. तो तुम्ही उभे आहात तिथून पाथ धरतो आणि लिंकच्या जागेपासूनचा बरोबर पाथ स्वतः काढून लिहितो.

छोट्या पाथचा आणखी फायदा म्हणजे उद्या अख्खा /डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवला तरी लिंका चालू राहतात. पूर्ण पाथ लिहिला असता तर सगळ्या तुटल्या असत्या.

सेलू_टर्मिनल

ताईंच्या उत्तरात एक भर. एलएस -एल मध्ये सॉफ्ट लिंकसमोर जो आकार दिसतो तो आतल्या पाथची लांबी असते, बाइटमध्ये. देवनागरीत हा आकडा लोकांना चक्रावतो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी वेगळी मोजून. 'धाराशिव' म्हणजे ध, काना, र, काना, श, वेलांटी, व अशी ७ चिन्हं. म्हणून उस्मानाबाद लिंकचा आकार २१ दिसेल. ते बरोबरच आहे.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये ६० बाइटपेक्षा लहान पाथ थेट आयनोडच्या पोटात मावतो, वेगळा ब्लॉक लागत नाही. /डेटा/पाऊस/धाराशिव हा पूर्ण पाथ ४८ बाइटचा, मावतो. /डेटा/पाऊस/छत्रपती_संभाजीनगर ७६ बाइटचा, त्याला ४ केबीचा अख्खा ब्लॉक लागतो. नुसतं छत्रपती_संभाजीनगर ४९ बाइटचं, पुन्हा मावतं. दोन लिंकांना याचा काही फरक पडत नाही, पण लाखभर लिंका असल्या तर पडतो.

याच कारणानं फाइलच्या नावाची २५५ बाइटची मर्यादा देवनागरीत ८५ चिन्हांवर येते. स्कॅन केलेल्या कागदांना लांबलचक मराठी नावं देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वसमत_आयटी

एक प्रश्न. हार्ड लिंकमध्ये एक नाव उडालं तरी डेटा राहतो ना? मग त्याच डिस्कवर सीपी -एएल नं अख्ख्या फोल्डरची हार्ड लिंक प्रत काढून ठेवली तर बाहेरची डिस्क कशाला पाहिजे? जागाही लागत नाही.

उदगीरकर

चुकून आरएम (पुसायची कमांड) झालं तर तेवढ्यापुरतं वाचाल. बाकी कशातच नाही. डेटा एकाच जागी आहे, नावं दोन आहेत. डिस्क गेली की दोन्ही नावं गेली. एक ब्लॉक खराब झाला की दोन्ही नावांनी तीच खराब फाइल उघडते. आणि एका नावानं उघडून आत बदल केला, तर दुसऱ्या नावाखाली जुनं काहीच उरत नाही. परमिशन आणि मालक यांचंही तेच, एका नावावर सीएचमॉड केलं की सगळ्या नावांवर झालं.

हार्ड लिंकला बॅकअप म्हणू नका. वेगळ्या डिस्कवर घेतलेल्या बॅकअपची जागा वाचवायची ती एक पद्धत आहे, एवढंच.

अंबाजोगाई_लॅब

'आत बदल केला तर दोन्हीकडं बदलतो' हे नेहमीच खरं नसतं, आणि घोळ तिथंच होतो. बरेच प्रोग्राम फाइल जागेवर बदलतच नाहीत. नवी फाइल लिहितात आणि जुन्या नावावर आणून ठेवतात. नवी फाइल म्हणजे नवा आयनोड, हार्ड लिंक तिथंच तुटते. एक नाव नव्या मजकुराकडं जातं, दुसरं जुन्याकडंच राहतं, आणि कुठलाही एरर येत नाही.

फाइलमधला मजकूर बदलणारा सेड -आय असंच करतो. तो सॉफ्ट लिंकवर चालवला तर लिंक जाऊन तिथं साधी फाइल येते, आणि खऱ्या फाइलमध्ये काहीच बदल होत नाही. सॉफ्ट लिंकसाठी सेडला --फॉलो-सिमलिंक्स द्यावं लागतं. विम या एडिटरचं डीफॉल्ट सेटिंग दोन्ही लिंका सांभाळतं. शेलमध्ये दोन बाणांनी शेवटी ओळ जोडली तर तो बदल जागेवरच होतो.

म्हणून दोन ठिकाणी एकच सेटिंगची फाइल हवी असेल तर हार्ड लिंक करू नका, सॉफ्ट लिंक करा. तुटली तर निदान एलएस मध्ये दिसते. हार्ड लिंक तुटलेली ओळखायला आयनोड नंबर ताडून बघावे लागतात. फाइंड /डेटा -सेमफाइल अमुक_फाइल असं चालवलं तर त्या आयनोडची त्या फोल्डरातली सगळी नावं मिळतात.

गोदातीर

आता बॅकअप. मांजराकाठ दादा, आधी डीएफ -टी चालवून बाहेरच्या डिस्कचा प्रकार सांगा. इथला टी मोठ्या लिपीतला.

मांजराकाठ

एक्सफॅट दाखवतंय. कालच आरसिंकला (प्रत घेणारा प्रोग्राम) --लिंक-डेस्ट लावून बघितलं, तरी दुसऱ्या दिवशीची प्रत पुन्हा १८० जीबीच झाली.

गोदातीर

त्याचंच हे कारण. एक्सफॅट आणि फॅट३२ मध्ये हार्ड लिंकही नाही आणि सॉफ्ट लिंकही नाही. मालक-परमिशनही साठवत नाहीत. लिंक जमली नाही की आरसिंक पूर्ण प्रत करतो. डिस्क ईएक्सटी४ करा. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जाईल, आधी सध्याची एक प्रत दुसरीकडं हलवा.

मग रोज हे तीन टप्पे (एमव्ही म्हणजे नाव बदलणारी कमांड):

१. आरसिंक -ए --लिंक-डेस्ट=/बॅकअप/ताजी /डेटा/पाऊस/ /बॅकअप/अपूर्ण/
२. एमव्ही /बॅकअप/अपूर्ण /बॅकअप/२०२५-०७-१४
३. एलएन -एस २०२५-०७-१४ /बॅकअप/ताजी_नवी, आणि लगेच एमव्ही -टी /बॅकअप/ताजी_नवी /बॅकअप/ताजी (हाही टी मोठा)

'ताजी' ही सॉफ्ट लिंक, शेवटच्या पूर्ण झालेल्या तारखेकडं बोट दाखवणारी. आरसिंक प्रत्येक फाइल तिथल्या फाइलशी ताडतो. आकार, वेळ, मालक, परमिशन सगळं जुळलं तर नवीन प्रत न करता हार्ड लिंक टाकतो. नाही जुळलं तर नवी फाइल लिहितो. म्हणून तारखेचा प्रत्येक फोल्डर उघडला की पूर्ण दिसतो, पण जागा फक्त बदललेल्या फाइलींची लागते. पहिल्या दिवशी 'ताजी' नसते, तेव्हा नुसता इशारा येईल आणि पूर्ण प्रत होईल.

नवीन जागेचा हिशोब: रोज १ जीबी बदल धरला तर ३० तारखांना १८० अधिक २९, म्हणजे २०९ जीबी. फोल्डरांना हार्ड लिंक होत नाही, ते रोज नव्यानं बनतात, प्रत्येकी किमान ४ केबी. तुमच्याकडं २०,००० फोल्डर असतील तर रोज साधारण ८० एमबी जास्त.

आता चुका कुठं होतात ते.

--लिंक-डेस्टला अर्धा पाथ दिला तर तो प्रत ज्या फोल्डरात जातेय तिथून मोजला जातो. पूर्ण पाथच द्या.

वीज गेली आणि पहिला टप्पा अर्धवट राहिला तर 'ताजी' अजून कालच्या पूर्ण तारखेवरच असते, काही बिघडत नाही. पण 'अपूर्ण' फोल्डर आरएम -आरएफ नं काढून पहिल्यापासून सुरू करा. तसाच पुढं चालवला आणि मधल्या काळात एखाद्या फाइलची परमिशन बदलली असेल, तर आरसिंक त्या हार्ड लिंकवरच परमिशन बदलतो आणि जुन्या सगळ्या तारखांत ती बदलते.

--इनप्लेस हा पर्याय इथं लावू नका. आरसिंक एरवी तात्पुरती फाइल लिहून मग नाव बदलतो, म्हणून जुन्या तारखा सुरक्षित राहतात. इनप्लेसनं तो उघडलेल्या आयनोडमध्येच लिहितो. 'अपूर्ण'मध्ये आधीची हार्ड लिंक पडलेली असेल तर सगळ्या तारखांतली फाइल एका दमात बदलेल.

तिसऱ्या टप्प्यात एलएन -एसएफ का नाही असं कुणी विचारेल. 'ताजी' ही फोल्डरकडं जाणारी लिंक आहे. -एन न देता -एसएफ केलं तर एलएन त्या फोल्डरात शिरतो आणि आत नवी लिंक करून ठेवतो, बाहेरची तशीच राहते. एमव्ही -टी मध्ये नाव एका झटक्यात बदलतं. लिंक जुन्या तारखेला असेल किंवा नव्या, मधली अवस्थाच नसते.

उदगीरकर

जुनी तारीख काढायला भिऊ नका. मधलीच काय, अगदी पहिली १८० जीबीवाली तारीख पुसली तरी पुढच्या तारखा पूर्णच राहतात. इथं पहिल्या प्रतीवर पुढच्या प्रती टेकलेल्या नाहीत, सगळ्यांचा हक्क सारखा. फक्त १८० जीबी मोकळे होतील अशी अपेक्षा ठेवू नका. ज्या फाइली फक्त त्याच तारखेत होत्या तेवढीच जागा सुटेल.

डीयूचंही तसंच. तारखा वेगवेगळ्या मोजल्या तर प्रत्येक १८० जीबीची दिसेल. एकाच कमांडमध्ये सगळ्या दिल्या तर एक आयनोड एकदाच मोजला जातो आणि खरा आकडा दिसतो.

ही डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायची वेळ आली तर आरसिंक -एएच (एच मोठा). नुसत्या -ए मध्ये हार्ड लिंक सांभाळणं येत नाही, ३० तारखांच्या ३० पूर्ण प्रती होऊ लागतील. आणि अशी दुसरी डिस्क जरूर ठेवा, दुसऱ्या इमारतीत. तीसही तारखांत न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच लिहिलेली आहे, हे विसरू नका.

पैठण_विंडोज

ज्यांच्याकडं विंडोज आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीमवर एमकेलिंक कमांड आहे. /एच म्हणजे हार्ड लिंक, फक्त फाइलींना, त्याच व्हॉल्यूममध्ये, एका फाइलला जास्तीत जास्त १०२४ नावं. /डी म्हणजे फोल्डरची सॉफ्ट लिंक, तिला ॲडमिन हक्क किंवा डेव्हलपर मोड लागतो. /जे म्हणजे जंक्शन, तेही फोल्डरांसाठीच, त्याला ॲडमिन लागत नाही. क्रम मात्र एलएनच्या उलटा, आधी नवीन लिंकचं नाव, मग असलेला फोल्डर.

डेस्कटॉपवरचा शॉर्टकट म्हणजे सॉफ्ट लिंक नव्हे. ती एक साधी फाइल आहे. एक्सप्लोररला ती कळते, स्क्रिप्टला नाही.

अंबाजोगाई_लॅब

पुसताना एक जपा. सॉफ्ट लिंक काढायची तर 'आरएम उस्मानाबाद', शेवटी तिरकी रेघ नको. टॅबनं नाव पूर्ण केलं तर शेल ती रेघ लावू शकतो, ती खोडा. 'आरएम -आर उस्मानाबाद/*' असं लिहिलंत तर लिंक जागेवर राहील आणि धाराशिवचा सगळा डेटा जाईल. निश्चिंत राहायचं असेल तर अनलिंक ही कमांड वापरा, ती एका वेळी एकच नाव काढते आणि फोल्डर काढतच नाही.

मांजराकाठ

डिस्क ईएक्सटी४ केली. दोन तारखा झाल्या, दुसरीला १.१ जीबी लागली. जुन्या स्क्रिप्टही चालू झाल्या. सगळ्यांचे आभार.

एकच लिंक अडलीय. धाराशिव फोल्डरात 'शेतकऱ्यांची_यादी' नावाचा फोल्डर आहे, त्याला 'यादी' अशी लिंक केली. एलएस मध्ये ती तुटलेली दिसते. रीडलिंकनं आतला पाथ काढला, अक्षर न् अक्षर जुळतं. परमिशनही ठीक.

सेलू_टर्मिनल

एलएस -एल मध्ये 'यादी' लिंकचा आकार किती दिसतो?

मांजराकाठ

४९.

सेलू_टर्मिनल

तुमच्या फोल्डरच्या खऱ्या नावाचे बाइट मोजा: एलएस -डी शेतक* | टीआर -डी '\एन' | डब्ल्यूसी -सी. ४६ यायला पाहिजे.

'ऱ्य' तीन तऱ्हेनं टाइप होतो. एका कीबोर्डवर 'ऱ' हे एकच चिन्ह पडतं. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याचे बाइट ई२ ८० ८डी. तिसऱ्यात र खाली नुक्ता, ई० ए४ बीसी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण लिनक्स नाव बाइटनं जुळवतो, दिसण्यानं नाही. पहिल्या तऱ्हेनं हे नाव ४६ बाइटचं होतं, उरलेल्या दोन्हींनी ४९ चं. फोल्डर एका मशीनवर बनला, लिंक दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप झाली. कोणता प्रकार पडलाय ते रीडलिंक यादी | हेक्सडंप -सी (हा सी मोठा) मध्ये दिसेल.

हातानं टाइप न करता लिंक पुन्हा करा: एलएन -एसएफएन शेतक*_यादी यादी. * हा तारा शेल उलगडतो आणि डिस्कवरचं खरं नाव जसंच्या तसं लिंकमध्ये जातं. त्याआधी एलएस -डी शेतक*_यादी नं एकच नाव येतंय ना ते बघा. दोन आली तर त्याच दिसण्याचे दोन फोल्डर तयार झालेत, आधी ते एकत्र करावे लागतील.

मग फाइंड /डेटा/पाऊस -एक्सटाइप एल चालवा. तुटलेल्या सगळ्या सॉफ्ट लिंका एका यादीत येतील. ज्यांच्या नावात 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' आहे त्या बहुतेक याच कारणानं तुटलेल्या निघतील.

मांजराकाठ

४६ च आले. एकच नाव होतं, लिंक झाली. एक्सटाइपनं आणखी सहा निघाल्या. पाच 'ऱ्य'च्या होत्या, सहावीत पूर्ण पाथ होता, फोल्डर हलल्यामुळं तुटलेली. तिला -एसआर नं पुन्हा केली.